वेश्या अन्याय मुक्ती परिषद
सांगलीतील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटना (स्थापना १९९६). ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून तेथील गोकुळनगर वस्तीत एचआयव्ही रोखण्यासाठी निरोध वाटप सुरू केले. वस्तीतल्याच बायकांनी ते हाती घेतले आणि परिषद उभी राहिली. निरोध नाकारणारे गिऱ्हाईक, पोलिसांचे छापे, मुलांचे शिक्षण हे तिच्यापुढचे रोजचे प्रश्न. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा देहविक्रयाला गुन्हा मानत नाही, मात्र कुंटणखाना चालवणे व उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणे यांना शिक्षा आहे. हा विसंवाद अन्यायकारकच. त्याची झळ बायकांनाच बसते. न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रौढांच्या अशा व्यवसायावरील गुन्ह्याचा शिक्का काढला. स्वेच्छेने हे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना छाप्यांत अटक करू नये वा छळू नये, असे निर्देश भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिले.