चेरियाल पट

चेरियाल पट : तेलंगणातील नकाशी चित्रकारांचा कापडी कथापट. हैदराबादच्या ईशान्येस, पूर्वीच्या वरंगळ व सांप्रतच्या सिद्दीपेट जिल्ह्यात मोडणाऱ्या चेरियाल गावावरून त्यास हे नाव पडले. प्रसंगांच्या आडव्या पट्ट्या पाडून, त्या वेलबुट्टीच्या किनारींनी अलग करून, वरून खाली क्रमाने उलगडत जाणाऱ्या या पटास कॉमिकच्या पानाचा पूर्वज म्हणण्याचा मोह होतो खरा. परंतु दोहोंतील शाईकामाचे स्थान ताडून पाहिले म्हणजे हे नाते वाटते तितके सरळ नाही, हे ध्यानी येते.

खादीच्या कापडावर कांजी, पांढरी माती, चिंचोक्यांची खळ आणि डिंक यांचा लेप थरावर थर चढवून, प्रत्येक थर पुरता वाळवून, जमीन सिद्ध केली जाते. त्यावर आकृत्यांची रेखाटणी थेट कुंचल्याने होते. चूक खोडण्याची सोय नसल्याने हात बसलेला असावा लागतो. मग आकृत्यांभोवतीची सारी जागा लाल रंगाने भरतात, अंगवर्ण व वस्त्रे त्यानंतर येतात, आणि डोळे, दागिने, वस्त्रांच्या चुण्या यांना उठाव देणारी, दिव्याच्या काजळीची बारीक काळी रेघ सर्वांच्या शेवटी, खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढली जाते. याउलट राम वाईरकर, प्रताप मुळीक आदींनी ‘अमर चित्र कथे’साठी केलेल्या कामाच्या धर्तीचे कॉमिक घेतले, तर तेथे पेन्सिलीवर शाई आधी आणि रंग मागाहून, असा दस्तूर, कारण छपाईत काळी रेघ हाच चित्राचा सांगाडा. चेरियालमध्ये सांगाड्याचे काम लाल पार्श्वभूमीच करते, आणि रेघ तिच्यावर अखेरचा हात फिरवते. सुमारे तीन फूट रुंदीचा व प्रसंगी चाळीस फुटांहून लांब पट दुरून पाहणाऱ्या जमावास वाचता यावयाचा, तर ही योजना अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे.

पटावर संवादांचे फुगे नसतात. मजकूर कथेकऱ्याच्या मुखी असतो. प्रत्येक जातीचे स्वतःचे पुराण व स्वतःचे कथेकरी, ही वहिवाट होती. पद्मशाली विणकरांना मार्कंडेय पुराण ऐकवणारे कुनपुली हे तिचे सुपरिचित उदाहरण. पट जीर्ण झाला की कथेकरी नव्याची फर्माईश देत आणि जुना विधिपूर्वक नदीत सोडीत. त्यामुळे फार जुने पट विरळाच हाती लागतात. हैदराबादच्या जगदीश व कमला मित्तल संग्रहालयात असे काही पट जतन केलेले आहेत. आपल्याकडील पिंगुळीच्या चित्रकथीत, अथवा एके काळी हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या पैठणच्या चित्रांत, लांब पटाऐवजी सुटे कागद असतात, आणि पानागणिक प्रसंग पालटण्याची कॉमिकची रीत त्यांच्याशी अधिक जुळते.

आता कथेकऱ्यांचा व्यवसाय बसला असून पटाचे तुकडे भिंतीवर टांगावयाच्या चौकटींत विकले जातात, आणि खनिज रंगांच्या जागी बाजारचे तयार रंगही सर्रास वापरले जातात.