खिडकीबाहेरचा पिंजरा

आजचा धागा न्यूयॉर्कच्या खिडक्यांविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

एलिनॉर रूझवेल्ट आपल्याला ठाऊक असतात त्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यामुळे. १९०६ मध्ये मात्र त्या न्यूयॉर्कमधील एक तरुण, अननुभवी आई होत्या. बाळाला मोकळी हवा हवी, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी तारेच्या जाळीची एक पेटी घराच्या खिडकीबाहेर बसवून घेतली आणि तान्ह्या ॲनाला झोपेसाठी तीत ठेवू लागल्या. बाळाचे रडणे ऐकून शेजारीण संतापली आणि बालकांवरील क्रौर्याविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करण्याची धमकी देऊ लागली. एलिनॉर यांना धक्काच बसला. आपण अगदी आधुनिक माता आहोत, अशी त्यांची समजूत होती! हा प्रसंग त्यांनी पुढे आत्मचरित्रात स्वतःच नोंदवला आहे.

हसू येते खरे, पण ही एकट्या एलिनॉर यांची लहर नव्हती. ल्यूथर एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञांचे १८९४ चे बालसंगोपनावरील पुस्तक अमेरिकेत घरोघरी होते आणि बाळाला रोज 'हवा देणे' हा त्यातला एक नियमच होता. १९२३ मध्ये स्पोकेन शहरातील एमा रीड यांना खिडकीबाहेर लावायच्या बाळ-पिंजऱ्याचे पेटंट मिळाले. १९३० च्या दशकात लंडनमध्येही असे पिंजरे लटकू लागले.

यामागे क्षयाची भीती होती. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील टेनेमेंट इमारतींत आतल्या कित्येक खोल्यांना खिडकीच नसे. जेकब रीस यांच्या १८९० च्या पुस्तकाने आणि छायाचित्रांनी हा अंधार सुखवस्तू वाचकांपुढे मांडला, आणि १९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा बंधनकारक केला. (मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यामागचा विचारही हाच.) थोडक्यात, त्या पिढीच्या लेखी खिडकी हे औषध होते. त्या औषधातून मूल खाली पडू शकते, ही गोष्ट कायद्याच्या नजरेआड राहिली.

न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींतील खिडकी बहुधा वर-खाली सरकणारी असते. उन्हाळ्यात खालची चौकट वर ढकलली की निम्मी खिडकी सताड उघडी. खाली उंबऱ्यासारखी बुटकी कड, जवळच पलंग किंवा खुर्ची. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते वाकले की तोल पुढे जातो. बाहेरची डास-माश्यांची जाळी माशी अडवते, मूल नाही. आपल्याकडे खिडकीला गज बसवतात ते चोराच्या भीतीने. मूल वाचते ते त्याच्या आडोशाने. न्यूयॉर्कच्या वरच्या मजल्यांना तो आडोसाही नव्हता.

मूल पडले की वर्तमानपत्रात चार ओळी येत आणि दोष आईच्या माथी जाई: लक्ष कुठे होते? मला या धाग्यात सांगायचे आहे ते हेच की, हा प्रश्न बदलला कसा.

१९७२ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने एक मोहीम सुरू केली. नाव होते, 'मुलांना उडता येत नाही'. खात्याने या अपघातांकडे साथीच्या रोगासारखे पाहिले. रुग्णालयांचे तातडीचे विभाग आणि पोलीस ठाणी यांनी पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद कळवायची. मग परिचारिका त्या घरी जाणार. वर्तमानपत्रे आणि नभोवाणीवरून प्रचार झाला. कार्यकर्ते दारोदार फिरून खिडक्या पाहू लागले; शाळा, भाडेकरू संघटना, धर्मगुरू यांनाही कामाला लावले गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोका जास्त असलेल्या वस्त्यांत लहान मुलांच्या घरांना लोखंडी गज फुकट देण्यात आले. ब्राँक्समध्ये १९७३ ते १९७५ या काळात नोंदलेल्या घटना निम्म्याने घटल्या. ब्राँक्सच्या इमारती जळत होत्या आणि शहर दिवाळखोरीच्या दारात उभे होते, ती ही वर्षे. आया त्याच होत्या, गरिबी तीच होती, बदलली होती ती खिडकी.

या आकड्यांच्या जोरावर शहराच्या आरोग्य मंडळाने नियम केला: तीन किंवा अधिक सदनिकांच्या इमारतीत दहा वर्षांपर्यंतचे मूल राहत असेल, तर घरमालकाने गज बसवलेच पाहिजेत. असा कायदा अमेरिकेत पहिलाच. जबाबदारी आईकडून मालकाकडे सरकली, हे मला या प्रकरणातील खरे वळण वाटते. १९९१ मध्ये गायक एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा मॅनहॅटनच्या एका आलिशान इमारतीच्या ५३व्या मजल्यावरून पडून गेला, तेव्हा हा केवळ गरिबांचा प्रश्न नाही हेही जगाला कळले. क्लॅप्टन यांनी पुढे याच विषयावर जाहीर आवाहने केली.

दरम्यान खिडकीत एक नवा पाहुणा आला होता. विलिस कॅरियर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. खिडकीत बसणारा एसी सामान्य घरात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर: अमेरिकेत १९४७ मध्ये सुमारे ४३,००० विकले गेले, १९५३ मध्ये दहा लाखांहून अधिक. एसीने खिडकी बुजते, म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे कुणालाही वाटेल.

येथेच फसगत होते. असा एसी खिडकीच्या कडेवर टेकवून वरची फट बुजवायला चौकट खाली ओढतात. यंत्राचे बरेचसे वजन बाहेरच्या बाजूला असते. कुणी चौकट वर उचलली, की यंत्र खाली रस्त्यावर. दोन्ही बाजूंच्या फटींत घडीचे प्लास्टिकचे पंखे ओढलेले असतात. ते वारा अडवतात, मुलाचा भार पेलत नाहीत. शिवाय आत आलेला यंत्राचा भाग चढायला आयतीच पायरी.

म्हणून न्यूयॉर्कचा नियम एसीला गजाची जागा घेऊ देतो, पण अटीवर: यंत्र स्क्रूने कायमचे जखडलेले हवे आणि आजूबाजूला साडेचार इंचांहून मोठी फट नको. व्यवहारात याचा अर्थ असा की, यंत्राखाली भिंतीवर भार टाकणारा आधार द्यायचा, खालची चौकट वर सरकणार नाही अशी अडवायची, आणि प्लास्टिकच्या पंख्यांऐवजी घट्ट फळी बसवायची. त्यातला 'कायमचे' हा शब्द मला सर्वांत अवघड वाटतो. थंडी आली की लोक एसी काढून ठेवतात. मग उरते ती जुनीच उघडी खिडकी, आणि तिला गज पुन्हा लावावे लागतात. आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी जिन्याकडे उघडणारी खिडकी या नियमातून वगळली आहे. तिथे गज लावले तर आगीत वाटच बंद होईल.

दर जानेवारीत घरमालक भाडेकरूंना एक छापील सूचना पाठवतो: घरात दहा वर्षांपर्यंतचे मूल आहे का? उत्तर १५ फेब्रुवारीपर्यंत द्यायचे असते, म्हणजे खिडक्या उघडण्याच्या कितीतरी आधी. घरात मूल नसले तरीही भाडेकरू गज मागू शकतो. सुट्टीत नातवंडे येतातच.