रिकामटेकड्या पडद्याची कुळकथा
स्क्रीन सेव्हर जन्माला आला तो अगदी रुक्ष कामासाठी. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरवर तासन्‌तास एकच मजकूर राहिला, की आतला फॉस्फरचा थर तेवढ्या जागी झिजायचा आणि अक्षरांचा डाग कायमचा उरायचा. डिसेंबर १९८३च्या ‘सॉफ्टटॉक’ मासिकात जॉन सोचा यांनी त्यावर एक छोटा प्रोग्रॅम दिला. तीन मिनिटं कळफलकाला हात लागला नाही, की पडदा काळा. बस्स. १९८९मध्ये ‘आफ्टर डार्क’नं त्या काळोखात पंखवाले टोस्टर उडवले, पुढे विंडोजनं अंगावर धावून येणारे तारे सोडले आणि राखणदाराचा बहुरूपी झाला.

त्याला पुन्हा कामाला जुंपायचं सुचलं डेव्हिड गेडी यांना, १९९५च्या सुमारास. घरोघरची यंत्रं रिकामी बसलेली असतात, तर त्यांच्याकडून परग्रहवासीयांचे संकेत का शोधून घेऊ नयेत? हा विचार प्रत्यक्षात येईपर्यंत संगणकाचं श्रमदान तसं अगदी नवं राहिलं नव्हतं. प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधणारी मंडळी १९९६पासून तेच करत होती. पण मूळ संख्यांसाठी कितीजण घरचा संगणक देणार?

१७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून गेडींच्या कल्पनेतला ‘सेटी ॲट होम’ प्रकल्प सुरू झाला. प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीनं टिपलेला रेडिओ गोंगाट टेपांवर भरून चक्क टपालानं बर्कलीला यायचा. १४२० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा अडीच मेगाहर्ट्‌झचा पट्टा, त्याच्या २५६ चिरफळ्या, आणि प्रत्येकीचा १०७ सेकंदांचा तुकडा एकेका घरी. तुकडा साडेतीनशे किलोबाइटच्या आसपास, म्हणजे फोनच्या तारेवरूनही उतरणारा. हिशेब मात्र अजस्र: पृथ्वी फिरते, पलीकडचा ग्रहही फिरत असणार, त्यामुळे संकेताची वारंवारिता सरकत राहणार. ती किती सरकेल हे ठाऊक नसल्यानं हजारो शक्यता एकेक करून तपासायच्या.

तोवर पडद्यावर रंगीत आलेखाचे डोंगर उभे राहत. पन्नास लाखांहून अधिक लोक आले, ते बऱ्याच अंशी त्या डोंगरांपायी, असं माझं मत. गंमत अशी, की तेच डोंगर रंगवण्यात प्रोसेसरचा वेळ खर्ची पडायचा. ज्यांना जास्तीत जास्त तुकडे संपवायची चुरस लागली, त्यांनी चित्र बंद करून पडदा काळा ठेवला. सोचांच्या पहिल्या प्रोग्रॅमसारखाच!

२००५मध्ये गुरुत्वलहरींच्या शोधासाठी आलेल्या ‘आइन्स्टाइन ॲट होम’चं चित्र मला अधिक देखणं वाटतं. फिरता खगोल, त्यावर तारकासमूह, ज्ञात पल्सार, अतिनवताऱ्यांचे अवशेष, लायगोसारख्या गुरुत्वलहरी-शोधकांच्या एल आकाराच्या खुणा आणि आपला संगणक या क्षणी आकाशात कुठे शोधतोय ते दाखवणारं चिन्ह. पुढे या प्रकल्पाला अरेसिबोची माहितीही मिळू लागली, आणि २०१०मध्ये आयोवातलं एक दांपत्य व जर्मनीतल्या माइन्झचा एक गृहस्थ यांच्या यंत्रांनी सेकंदाला ४१ गिरक्या घेणारा एक अज्ञात पल्सार पकडला.

सेटी ॲट होमनं ३१ मार्च २०२० रोजी तुकडे वाटणं थांबवलं. परग्रहावरचं कोणी सापडलं नाही. सपाट पडद्यांना डागाची धास्ती तितकीशी नाही, संगणकही आताशा लगेच झोपी जातात. चित्र मागे पडलं, आइन्स्टाइन ॲट होमचं गणित चालू आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहिली, की त्या खगोलावर एक एल मराठवाड्याच्या नावानंही काढावा लागेल.