न पाहता काढलेलं चित्र

आता येऊ सीटी स्कॅनकडे. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि हाडं दिसू लागली. मेंदू मात्र दिसेना. कवटीच्या सावलीत तो हरवून जायचा. मग मणक्यातून पाणी काढून तिथं हवा भरत. ती मेंदूतल्या पोकळ्यांत चढे आणि त्यांचा आकार फोटोत उमटे. पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली, की पलीकडे गाठ असावी असा अंदाज. रोग्याचं डोकं नंतर भयंकर ठणकायचं. ही रीत १९१९ पासून चालत होती. पन्नास वर्षं, बरं का!

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईंचा पहिला स्कॅन झाला. यंत्र ईएमआय कंपनीतल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, आम्हा डॉक्टरेटवाल्यांनी हे ऐकून ठेवावं. डोक्याभोवती एकेक अंश फिरत १८० दिशांनी मोजमापं घेतली, संगणकानं त्यातून ८० बाय ८० चौकटींचं चित्र तयार केलं. गाठ स्पष्ट दिसली.

तत्त्वज्ञानवाले आपण इथं अडतो. हा फोटो नव्हे. प्रत्येक चौकट गणितानं भरलेली. नैयायिक धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. इथं अनुमानच प्रत्यक्षाचं सोंग घेऊन समोर उभं राहतं. त्या बाईंची शस्त्रक्रिया झाली तेव्हा गाठ चित्रातल्याच जागी निघाली, हे खरं. पण दिसलेला ठिपका कर्करोगच आहे का, हे ठरवायला आजही बहुतेकदा सुई घालून तुकडा काढावाच लागतो.