कॅनोवरील जुने स्टिकर काढताना

कॅनो या वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होडीवरील स्टिकर काही वर्षांत उन्हाने ठिसूळ होतात. ओढताच त्यांचे तुकडे पडतात आणि गोंद मागे उरतो. तो काढण्यापूर्वी होडी कशाची बनलेली आहे, हे पाहणे आवश्यक असते.

प्रथम केस वाळवण्याच्या यंत्राने स्टिकर कोमट करावा. उष्णतेने गोंद मऊ होतो. मग कोपरा उचलून स्टिकर मागे दुमडत सावकाश ओढावा. धातूच्या पात्याने चरे पडतात. प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. उरलेल्या गोंदावर खाद्यतेल लावून काही वेळाने मऊ कापडाने पुसावे.

अ‍ॅसिटोनच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. पॉलिइथिलीनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. परंतु रॉयलेक्सच्या होडीत व्हिनाइलच्या थराखाली एबीएस प्लॅस्टिक असते आणि अ‍ॅसिटोनने ही दोन्ही मऊ पडतात. रॉयलेक्सचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे अशी होडी बिघडली, तर तशीच नवी मिळत नाही.

अखेरीस साबणाच्या पाण्याने तेल पूर्ण धुवावे. अन्यथा त्या जागी नवा स्टिकर चिकटत नाही.