शाळा-महाविद्यालयांतील स्तनदा माता : हक्क आणि सोयी

बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुरू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शिक्षिकेची प्रसूती रजा मात्र साधारणतः सहा महिन्यांतच संपते. शिकणाऱ्या मातेला तर तेवढ्या रजेचीही शाश्वती नसते. राजधानी दिल्ली आणि परिसरात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे.

विद्यार्थिनी
मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठाने एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला प्रसूती रजा नाकारली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये हा निर्णय रद्द केला आणि ५९ दिवसांच्या प्रसूती रजेचा उपस्थितीसाठी विचार करण्याचे आदेश दिले. शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती स्त्रीवर होऊ नये, असा या निकालाचा आशय आहे. त्यापूर्वी डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा व उपस्थितीतील सवलतीचे नियम करण्याची सूचना विद्यापीठांना केली होती. पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. शाळा अर्धवट सुटलेल्यांना नोएडा येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी, बारावीची परीक्षा देता येते.

शिक्षिका
केंद्रीय नियमांनुसार सरकारी सेवेतील मातेला १८० दिवसांची प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा मिळते. इतर आस्थापनांसाठी २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांकरिता रजा १२ वरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेला कामाच्या वेळेत रोज दोन स्तनपान विराम मिळतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघराची सोय करावी लागते आणि मातेला तेथे दिवसातून चार वेळा जाता येते.

जागा आणि वेळ
सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष असावेत, यासाठी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नऊ महिन्यांच्या बाळाच्या नावे याचिका दाखल झाली होती. पुढे १९ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींत असे कक्ष उपलब्ध करण्याविषयी राज्यांना निर्देश दिले.

दूध वेळेवर न काढल्यास स्तन दाटून येतात, कधी जंतुसंसर्ग होतो आणि दूधही कमी होऊ लागते. त्यामुळे वेळापत्रकात मोकळी तासिका ठेवणे आवश्यक ठरते. आतून कडी लावता येईल अशी स्वच्छ खोली, खुर्ची, हात धुण्यास पाणी आणि दूध ठेवण्यास फ्रिज एवढी सोय पुरेशी आहे. स्वच्छतागृह हा त्याला पर्याय नाही. काढलेले दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात सुमारे चार तास टिकते. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जात असल्याने तेथे फ्रिज नसेल, तर हे दूध बाळापर्यंत सुरक्षित पोहोचण्याची खात्री देता येत नाही.