स्वसंरक्षणार्थ शस्त्र परवाना (यवतमाळ जिल्हा)

स्वसंरक्षणार्थ शस्त्र परवाना म्हणजे बंदूक, पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये मिळणारी परवानगी होय. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने पोलिसांचा चौकशी अहवाल मागवून अर्जावर निर्णय देतात. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूदही या अधिनियमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. परवान्याची मुदत पाच वर्षे असते.

घरातील ताबा

शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदारास शस्त्र व दारूगोळा घरात सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. त्यामुळे भरलेली बंदूक उशाशी ठेवण्याची मुभा परवान्याने मिळत नाही. निवडणूक काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र पोलिसांकडे जमा करावे लागते.

वापराची मर्यादा

परवान्यामुळे शस्त्र बाळगता येते. गोळी झाडणे समर्थनीय होते की नाही, हे भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील खासगी संरक्षणाच्या हक्कावरून (कलमे ३४ ते ४४) ठरते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणाऱ्या घरफोडीत हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत पोहोचू शकतो. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा कोणत्याही प्रसंगी करता येत नाही.